अर्ध्या ठोक्याची दुरुस्ती

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी साडेनऊ

प्रिय धाकटे,

मंगळवार, ४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ नोंदवून ठेवते, कारण तू लगेच म्हणशील, "ताई, कधीचं काय उकरून काढतेस." हे याच आठवड्यातलं आहे. त्या वेळी कुरियरवाल्याने तुझं पाकीट माझ्या हातात दिलं आणि अकरा चाळीसला मी पान चौदावर पोचले.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. तुझा खोकला गेला असावा. शाळेतल्या सिस्टर सांगायच्या की तक्रारीच्या आधी प्रकृतीची चौकशी करावी. मी क्रम उलटा केला, पण चौकशी झाली.

पाकिटात पुस्तिकेची प्रुफं होती आणि वर तुझी चिठ्ठी: "ताई, तुझ्याइतकं बारीक कुणी बघत नाही. चुका काढून दे ना. सोमवारी सतराला छापायला जातंय." वा. 'वर्गाबाहेर' बँडला चाळीस वर्षं झाली, जुनी सगळी रेकॉर्डिंग नव्याने येणार, सोबत बँडचा इतिहास. आणि त्या इतिहासात मला काम काय, तर ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. छत्तीस वर्षं छापखान्यात परक्यांची प्रुफं तपासली, तेव्हा निदान त्यांच्या आयुष्यातून मला कुणी काढून टाकलेलं नसायचं.

एकेचाळीस चुका निघाल्या. पहिल्या कार्यक्रमाला तीनशे माणसं नव्हती, बासष्ट होती. मी मोजली होती, कारण तू गिटारची तार बदलत बसलीस तेव्हा मला दुसरा उद्योग नव्हता. आपल्या ड्रमरला 'बेकरी' म्हणायचे ते त्याच्या मामाच्या भट्टीवरून तो दंडाला पीठ लागलेला तसाच तालमीला यायचा म्हणून. तो जाडा होता म्हणून नाही. तो तेव्हा काडी होता. आणि बँडचं नाव 'एका संध्याकाळी सहज सुचलं' हे साफ खोटं. तू चौथीच्या दाराबाहेर उभी होतीस, बाकावर ताल धरला म्हणून. मी त्याच व्हरांड्यात आठवीच्या दाराबाहेर, उलट उत्तर दिलं म्हणून. तिथून तू मला खूण केलीस की आपण दोघी एकाच वर्गात आहोत, वर्गाबाहेर. सहज सुचलं म्हणे.

पान पाचवर आपला सुरुवातीचा आवाज तू 'निरागस' या एका शब्दात उरकला आहेस. त्यात निरागस काही नव्हतं. तू गिटार दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाजवायचीस, जसं कुणी बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यात नाक खुपसावं. याला स्का म्हणतात हे आपल्याला एका घासलेल्या कॅसेटवरून कळलं. पंक म्हणजे तेच, पण दुप्पट वेगाने आणि घसा फोडून, हे तू तुझ्या मनाने ठरवलंस. मी शाळेच्या बँडमधली. सिस्टर पाऊल मोजून घ्यायच्या. माझा ट्रम्पेट ठोक्यावर, सरळ, इस्त्रीच्या घडीसारखा. तू मधे, मी बरोबर वर. लोक नाचायचे ते आपल्या दोघींच्या भांडणावर नाचायचे. यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही. माझ्याबद्दल एवढंच आहे, पान सोळा: "ट्रम्पेटवादकाने नोकरीमुळे बँड सोडला." ट्रम्पेटवादकाने. त्या वादकाने तुला सायकल शिकवली, तुझ्या उवा काढल्या.

आणि जिराफवर सहा पानं. ट्रॉम्बोन वाजवणारी, उंच, मान पुढे काढून चालणारी, सगळ्यांची लाडकी जिराफ. हे टोपणनावसुद्धा मी ठेवलं, तेही तू तुझ्या नावावर लावलं आहेस.

आता पान चौदा, ओळ सहावी. "आमचा आवाज एका चुकीतून जन्मला. रेकॉर्डिंगच्या दिवशी जिराफची मोजणी चुकली, ती अर्धा ठोका मागे पडली, आणि ती लंगडी चाल आम्ही तशीच ठेवली." खाली स्वरलिपीच्या कागदाचा फोटो, त्याखाली ओळ: "जिराफच्या हस्ताक्षरातला तो मूळ कागद."

धाकटे, चष्मा लाव. चौथीपासून दहावीपर्यंत तुझे निबंध कुणी लिहिले? तुझ्या वह्यांवर नाव घालायलाही तू माझ्याकडे यायचीस. त्या कागदावरची ती डावीकडे झुकलेली, शेपटीला आकडा असलेली थांबण्याची खूण जगात एकच बाई काढते. सिस्टरांनी त्याबद्दल माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. आपण राहायचो तो अख्खा महाराजवाडा ओळखेल असं माझं अक्षर, आणि ते तुला ओळखू आलं नाही. तू ते मोठं करून छापलंस आणि खाली तिचं नाव घातलंस.

दुसरी दुरुस्ती: जिराफची मोजणी त्या दिवशी चुकली नव्हती. तिची मोजणी कधीच चुकली नाही. ते मला कसं माहीत, हा वेगळा मुद्दा आहे आणि त्याची इथे गरज नाही.

पान चौदा सोडून बाकी प्रुफं सोबत पाठवते आहे.

*

रविवार, ९ मार्च, सकाळ

पत्र पोस्टात टाकायला खाली उतरले होते. पेटीपर्यंत गेले आणि परत आले. शेजारीण म्हणाली, "पाकीट फिरायला नेलं होतं का?" मी म्हटलं, "हो, त्यालाही गुडघा आहे."

त्या मुद्द्याची इथे गरज आहे. म्हणून पुढे लिहिते.

तुला आठवत नसेल, पण नवी चाल सुचली की तू ती आधी मला ऐकवायचीस. आपली खोली एक, खाटा दोन, मधे कपड्यांचं कपाट. तू कपाटाच्या पलीकडून गुणगुणायचीस आणि म्हणायचीस, "ताई, सांग, टाकू की ठेवू?" मी सांगायचे. निम्म्या मी टाकायला लावल्या, आणि बरं केलं.

जिराफ आल्यावर तीन महिन्यांनी, एका दुपारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. तुम्ही दोघी बाहेर जिन्यात बसला होतात. तू तिला एक चाल ऐकवत होतीस, मी न ऐकलेली. शेवटी तू तिला विचारलंस, "टाकू की ठेवू?" ती म्हणाली, "ठेव. यावर मी उभी राहीन." तू हसलीस. तसं हसणं मी तोवर आपल्या घरातलं समजत होते.

पुढच्या शनिवारी रेकॉर्डिंग होतं, कपड्यांच्या गोदामावरची ती खोली, भिंतींना गाद्या बांधलेली. तीन तासांसाठी मिळाली होती. सगळ्यांच्या स्वरलिपीचे कागद नेहमी मीच लिहायचे. शुक्रवारी मी जिराफसाठी एक नवी, स्वच्छ प्रत काढली. तिच्या ओळीच्या सुरुवातीला थांबा नव्हता तिथे अर्ध्या ठोक्याची थांबण्याची खूण घातली, आणि पुढची अख्खी ओळ तेवढी मागे सरकवली. शाईने लिहिलं. दोनदा तपासलं. माझ्या हातून त्यानंतर छत्तीस वर्षांत इतकं निर्दोष पान गेलं नाही.

मला काय हवं होतं ते सांगते. ती सगळ्यांसमोर अडखळावी, तू वैतागून थांबावंस आणि माझ्याकडे वळावंस. बस. माझा बेत याहून मोठा नव्हता.

ती अडखळली नाही. समोर जे होतं ते तिने वाजवलं, मोठ्या आवाजात, बिनधास्त. माझा ट्रम्पेट ठोक्यावर, आणि तिचा ट्रॉम्बोन अर्धा ठोका मागे, थेट तुझ्या गिटारच्या जागेत. चाल लंगडायला लागली, एक पाय जमिनीवर, एक पायरीवर. बेकरी घाबरून माझ्याकडे बघायला लागला. तू गिटार थांबवलीस. मी ट्रम्पेट ओठांशी धरून वाट बघत होते.

तू म्हणालीस, "पुन्हा. अगदी असंच."

मग तिला विचारलंस, "केलंस काय तू?" तिने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं दोन श्वासांइतकं. आणि म्हणाली, "मोजणी चुकली माझी." कागदाची चौघडी केली आणि ट्रॉम्बोनच्या पेटीत ठेवली.

पुढचे चौदा महिने प्रत्येक कार्यक्रमात लोक त्या जागेची वाट बघायचे, आणि जागा आली की तिच्या नावाने ओरडायचे. मी शेजारी उभी राहून सरळ ठोक्यावर वाजवायचे. मला नोकरी लागली हे खरं आहे. छापखाना संध्याकाळी पाचला सुटायचा आणि आपली तालीम सातला असायची, हेही खरं आहे.

त्यानंतरचं तुझं सगळं मी ऐकलं आहे, तुला वाटतं तसं नाही. दुसरी रेकॉर्ड अजून वेगवान, तीत शब्द कळत नाहीत ते बरंच आहे. तिसरीत तू फुंकायची वाद्यं काढून टाकलीस, नुसत्या तीन गिटारी आणि किंचाळणं, जणू घराला आग लागली आहे आणि किल्ली कुणाकडे आहे यावर वाद चालला आहे. मला ती भिकार वाटली आणि मी तीच सगळ्यांत जास्त ऐकली, कारण जिराफ त्यात नव्हती. मग ते कीबोर्डचं पर्व, मंद, दमट, सगळी गाणी खिडकीबद्दल. आणि आता गेली सहा वर्षं पुन्हा ट्रॉम्बोन, पुन्हा ती, आणि तुम्ही दोघी एकाच इमारतीत वर-खाली राहता. पान अठ्ठावीसवर लिहिलं आहेस, "नवी चाल सुचली की मी जमिनीवर काठी आपटते आणि जिराफ वर येते." हे पान मी तीनदा तपासलं. चूक सापडली नाही.

काल मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बोला, ताई." तुझी ताई म्हणून मी तिचीही ताई, हे तिचं तिनेच ठरवलेलं.

मी विचारलं, "तो कागद तुम्ही दिलात का पुस्तिकेला?"

"हो. पेटीच्या अस्तरात होता. तिने बघितला आणि उचलून नेला."

"अक्षर कुणाचं ते सांगितलं नाहीत?"

"तिने विचारलं नाही. आणि ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, माझ्यासाठी वेगळी प्रत कशाला काढली होतीत ते."

मी पान चौदा पालथं ठेवलं.

ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही कधीतरी स्वतःच सांगाल तिला."

"एकोणचाळीस वर्षं वाटत होतं?"

"तुम्ही कामात असता."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. तुम्ही मला खड्ड्यात उतरवलंत, म्हणून मी खड्ड्यातच नाचले. पण ताई, खड्डा चांगला खणला होता हो. माझ्याच्याने तो खणून झाला नसता."

ही बाई मला माफ करून बसली आहे, आणि मला विचारलंसुद्धा नाही. एकोणचाळीस वर्षं तिचा मत्सर करायला मला एक तरी धड कारण हवं होतं. तिने तेवढंही हाती लागू दिलं नाही. हे मी तिला म्हटलं नाही. "उन्हात डोकं झाका," म्हणाले आणि फोन ठेवला.

तर पान चौदा, ओळ सहावी. जुना मजकूर काढून हा घालायचा: "आमच्या आवाजाची लंगडी चाल थोरल्या बहिणीने लिहिली. ती ट्रम्पेट वाजवायची. ट्रॉम्बोनची फजिती व्हावी म्हणून तिने मत्सराने, मुद्दाम, अर्धा ठोका मागे लिहिला. ट्रॉम्बोनने लिहिलं होतं ते अचूक वाजवलं." फोटोखाली: "कागद थोरल्या बहिणीच्या हस्ताक्षरात." 'मत्सराने' आणि 'मुद्दाम' हे दोन शब्द काढायचे नाहीत. ते काढलेस तर मी नुसती चुकले असं होईल, आणि लिहिताना मी कधी चुकत नाही.

पत्राचं पाकीट थेट तुझ्या हातात पडावं म्हणून कुरियरने पाठवते आहे. जिराफसमोर उघडलंस तरी चालेल, तिला त्यात नवीन काही नाही.

उत्तर लेखी हवं. फोनवर तू हसतेस, मग मीही हसते आणि मुद्दा राहून जातो. शनिवार, १५ मार्च, दुपारी चारच्या आत ते माझ्या दारात पोचलं पाहिजे. सोमवारी छपाई आहे आणि रविवारी मला तपासायला एक दिवस लागेल. फार लिहू नकोस. पहिल्या ओळीत, छापणार की नाही. आणि दुसऱ्या ओळीत, त्या शनिवारी हे कळलं असतं तर तू चाल ठेवली असतीस, आणि मला टाकलं असतंस का, ते.

चारपर्यंत तरी तुझीच,
ताई