ओहोटीला वाळू न पाहिल्याबद्दल

मी, निवृत्त सुतार, वय चौऱ्याहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत.

१. राहतं घर मुलाला. मागच्या दाराची कडी मी चारदा दुरुस्त केली, पाचव्यांदा त्याने करावी.

२. रंधे, पटाश्या, करवती कारखान्यातल्या सोबत्याला. माझा भोकं पाडायचा गिरमिट आठ वर्षं त्याच्याकडेच आहे. तोही त्याचाच, पण न विचारता नेला होता हे त्याने कबूल करावं.

३. दोन्ही गळकाठ्या आणि शिशाची वजनं पुतणीला. अट एकच: किनाऱ्यावरून गळ टाकण्याआधी ओहोटीला वाळू चालून बघायची. दोन उंचवट्यांमधला चर तेव्हाच दिसतो. भरती चढताना मासा त्या चरातून आत येतो, आणि ओहोटी लागली की सगळं पाणी तिथूनच बाहेर धावतं. त्यात उभ्या माणसाचे पाय टिकत नाहीत. वादळ झालं की चर जागा बदलतो.

४. पुतणीचा बाप, माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांपूर्वी बुडाला. हट्टाने खोल गेला, असं मी पोलिसांना आणि नातेवाइकांना सांगितलं. ते खोटं आहे. आदल्या आठवड्यात वादळ झालं होतं, तरी त्या दिवशी मी वाळू बघायचा कंटाळा केला. दीपगृह आणि पाण्याची टाकी एका रेषेत आणून नेहमीची जागा धरली आणि मीच म्हणालो, "इथे उभा राहा, खाली घट्ट वाळू आहे." तिथे चर आला होता. तो माझं ऐकून तिथे उभा राहिला. आजही पोरीने जरा उलट उत्तर दिलं की लोक म्हणतात, बापावर गेली. मला माझ्या खोट्याची लाज वाटते.

मुलगा म्हणाला, "बाबा, हे मृत्युपत्रात कशाला?" मी म्हणालो, "तुला घर कागदावर देतोय, तर तुझ्या काकाचं नावही त्याला कागदावरच परत देणार." हे कलम माझ्या पश्चात सर्वांसमोर मोठ्याने वाचावं. त्याआधी वाटणी नाही.

दुरुस्ती: साक्षीला धाकट्याच्या बायकोला बोलावलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं वकील म्हणाले. तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "सही करते, भावोजी. पण तुम्ही मरेपर्यंत मी का थांबू? रविवारी सगळ्यांना बोलवा आणि तुम्हीच वाचा."

म्हणून कलम ४ मधले 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडून तिथे 'येत्या रविवारी, मी स्वतः' असं लिहिलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: सोळा, गुरुवार
मृत्युपत्र करणाऱ्याची सही
साक्षीदार: १. धाकट्याची बायको २. शेजारचे कंपाउंडर