बाईंच्या उंबऱ्यावर

आप्पा, बाईंचं घर परत उघडलंय. कौलं बदलली, भिंतींना रंग दिला, दारावर बाईंचा मोठा फोटो लावला. रविवारी तिथं पहिली बैठक आहे आणि गाणार आहे तुमची नात, माझी लेक. तुम्ही असतात तर अख्ख्या बेळगुंदीला पेढे वाटले असतेत. माझा मात्र डोळा लागेना, म्हणून लिहायला बसले.

बाई देशभर गाजलेल्या गायिका, आणि तुम्ही त्यांच्या घराचे राखणदार. त्या गेल्यावरही तुम्ही रोज सकाळी सायकल मारत बेळगावात जायचात, सुट्टीत मला पुढच्या दांड्यावर बसवून. कुलूप काढायचं, दार लोटायचं आणि उंबऱ्याबाहेरच उभं राहायचं. मी आत पळायला बघते, तुम्ही झग्याला धरून मागं ओढता. "थांब गं. इचारल्याबिगर आत जायचं न्हाय." "कुणाला इचारायचं? बाई तर गेल्या." "गेल्या म्हणून घर काय आपलं झालं व्हय?" मग तुम्ही बाईंच्या सुरात हाक मारता, "येऊ का, बाई?" आणि आतल्या दिवाणखान्यातून बारीक गुणगुण येते. तुम्ही मुकाट चपला काढता. मी तुमच्या मागं लपते.

एकदा गुणगुण आलीच नाही. तुम्ही परत परत हाक मारलीत, शेवटी कुलूप लावलंत आणि आल्या पावली घरी. आई भडकली. "लोक येडा म्हणत्यात ते उगंच न्हाय." त्याच दिवशी दिवाणखान्याची तुळई कोसळली, नेमकी तुम्ही झाडायला बसायचात तिथं. आई पुढं त्या घराबद्दल अवाक्षर बोलली नाही.

हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले तेव्हा मला सगळं उमगलं. बाईंचे तंबोरे तुम्ही त्यांच्या सुरात लावून ठेवायचात; त्याच सुरात हाक गेली की तारा आपोआप बोलायच्या. त्या दिवशी दमट हवेनं तारा उतरल्या असणार, आणि त्याच ओलीनं तुळई कुजली. किती वर्षं मी हे पोरांना ऐटीत सांगितलं! खरं तर ते सांगून मीच धीर धरत होते.

काल सकाळी एकटी गेले. पोरीला त्या छताखाली बसवायचं का, हे विचारल्याशिवाय मला चैन पडेना. शिकलेली मी, आणि उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी! नव्या रखवालदारानं दार उघडलं. म्हणाला, "आक्का, आत काय न्हाय बगा. तंबोरे मिरजेला गेल्यात, तारा बदलायला." मला हायसंच वाटलं. आता कोण बोलणार? तरी आलेच होते म्हणून हाक मारली, "पोरीला पाठवू का, बाई?"

"पाठव की गं."

तुमचा आवाज, आप्पा. घशातल्या त्या खरखरीसकट. रखवालदार फाटकाशी तंबाखू मळत होता, त्यानं मान वर केली नाही. मी परत विचारलं. परत तेच, जरा जवळून. मग तर दाराच्या आडूनच. आत वाकून बघायची छाती झाली नाही माझी.

पोरगी रविवारी गाईल. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा तेही ठाऊक नाही. पण एक कबूल करते. पोरीसाठी मी एकदाच विचारलं होतं. पुढच्या हाका तुमचा आवाज ऐकायला मारल्या.