वाडग्यात एक जास्त

१२ नोव्हेंबर १९७२

पोचलो एकदाचा, आणि जागा बघताक्षणी आवडली! घोडेगावला एस.टी. सोडली, ट्रकमधल्या पेंडीच्या पोत्यांवर बसून सोनई गाठली आणि तिथून माळावरच्या या संशोधन केंद्रापर्यंत पायी आलो. पत्र्याच्या दोन खोल्या, काट्यांचं कुंपण घातलेलं एक वाडगं, आत मेंढरं. बाकी नजर जाईल तिथवर करपलेला माळ. पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून येतं. आधी मेंढरांना, मग माणसांना. आंघोळ उरलं तर.

साहेबांचं नाव रंगनाथराव. मेंढी आपलं कोकरू डोळ्यानं ओळखते, कानानं की नाकानं, याचा ते अभ्यास करतात. मी वाडग्यापाशी बसून कोण कुणाला हुंगतं, कोण कुणाला ढुशी देतं, ते टिपायचं. कॉलेज अर्धवट सोडलंय म्हटल्यावर हसले. म्हणाले, डिगरीवाले वासानंच पळतात, तू टिकलास तर लेखात तुझंही नाव घालीन.

खरं कारण फक्त इथे लिहितो. साहेब हे इंदूचे मामा, आणि आमचं त्यांना काही ठाऊक नाही. तिच्या भावानं कॉलेजच्या फाटकात मला सगळ्यांदेखत भिकारडा म्हटलं, मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी कॉलेजच सोडलं. इंदू काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यावर जगतोय मी. नाताळच्या सुटीत ती मामाकडे येते. तोवर मला कुणीतरी व्हायचंय.

१९ नोव्हेंबर

काम झकास चाललंय. छगन हा इथला मेंढका. तोंडाचा फाटका, मला कालेजकुमार म्हणतो. कालेजात न्हाई टिकला, वाडग्यात टिकल, असं सगळ्या मेंढरांना सांगून झालंय त्याचं.

आज एक कोकरू मेलं. चाराच नाही, आयांना दूध कुठलं. छगननं त्याचं कातडं सोललं आणि बिनआईच्या दुसऱ्या कोकराला अंगरख्यासारखं बांधलं. मेलेल्याची आई आली, शेपटाशी हुंगलं आणि मुकाट पाजायला लागली! रीत अशी की आईनं नवं कोकरू चाटायला घेतलं, की कातडं लगेच उतरवायचं आणि लांब नेऊन पुरायचं. मी विचारलं, राहू दिलं तर? छगन म्हणे, ऱ्हातंय कशाला, तुज्या लग्नात घालायचंय व्हय?

२४ नोव्हेंबर

साहेबांशी वाजलं. ते म्हणाले, कातडं बांधून दुसरं कोकरू खपेल, पण माणसाला कोकरू समजेल अशी मेंढी जन्मायची आहे. मी म्हटलं, समजेल. त्यावर म्हणतात, कॉलेजातही असाच वाद घालायचास वाटतं?

माझं डोकंच फिरलं. भुरी नावाच्या मेंढीचं कोकरू सकाळीच गेलं होतं. त्याचं ओलं कातडं मी उघड्या छातीवर बांधलं आणि चार पायांवर रांगत वाडग्यात शिरलो. छगन पोट धरून हसत होता. भुरी आली. मानेपाशी हुंगलं. थांबली. मग तिनं माझ्या गालावरून जीभ फिरवली. खरखरीत, गरम जीभ.

छगनचं हसू बंद झालं. म्हणाला, झाली मस्करी, उतरव आता. साहेब म्हणाले, उतरवू नकोस, हे आजवर कुणी केलेलं नाही, लेखात तुझं नाव पहिलं टाकतो. छगन पुन्हा पुन्हा म्हणत होता, आई भुलली की बास करावं, लई ताणू न्हाई.

नाही उतरवलं. भिऊन उतरवायला मी काय इंदूचा भाऊ आहे?

१ डिसेंबर

भुरी पाठ सोडत नाही. मी खोलीत गेलो की कुंपणाशी येऊन हाका मारते. भर उन्हात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, आपलीच सावली करून. आज त्यांनी मधे जागा सोडली. माझ्यासाठी. मीही डोकं घातलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

एक नवीनच. डोळे मिटले तरी कोणती मेंढी कुठे उभी आहे, कळतं मला. वासानं. साहेबांना सांगितलं तर टेबलावर हात आपटला आनंदानं. म्हणाले, ओळख अंगावर नसतेच मुळी, ओळखणाऱ्याच्या नाकात असते.

८ डिसेंबर

रॉकेल आणायला सोनईला गेलो. चहावाल्यापुढे उभा राहिलो, तर त्यानं हुर्र केलं. काठी उगारली. मी तोंडावर शिव्या दिल्या. त्यानं पाठीत काठी घातली आणि शेजारच्याला विचारलं, कुणाचं सुटलंय रे हे?

पळालो नाही. ताठ चालत परत आलो.

पुरे झालं. कातडं काढायला बसलो. छातीवर गाठ होती. चाचपली, पुन्हा चाचपली. गाठ नाही. कातड्याची कडही लागत नाही हाताला. नखानं ओढलं तर मलाच दुखलं.

१३ डिसेंबर

छगनच्या कुत्र्यानं आज मलाही वळवलं. टाचेला चावून, इतरांबरोबर, वाडग्यात. मी लाथ घातली त्याला.

छगन दाराशी उभा राहून मेंढरं मोजत होता. पुन्हा मोजली. साहेबांना ओरडून म्हणाला, एक जास्त भरतंय, बाह्यरचं शिरलंय जनू. मी त्याच्या पुढ्यात उभा! त्याच्या बापाचा उद्धार केला मी, घसा फाटेस्तोवर. त्यानं गुडघ्यानं मला बाजूला सारलं.

१७ डिसेंबर

साहेब कुणाला तरी सांगत होते — तो कॉलेजचा पोरगा पळाला शेवटी, पगारही न घेता.

मी पळालो नाही. आयुष्यात एकदाही नाही. लिहून ठेवतो — मी इथेच आहे, कुंपणाच्या आत, आणि मी माणूस आहे. वही काट्यांत खोचून ठेवतो. पेन्सिल हातात धरता येते. हात हातच आहेत. मला दिसतात ना.

पाला टाकतात. खात नाही. खाणार नाही.

थोडा खाल्ला.

भुरी चाटते तेव्हा थंडी वाजत नाही —

२३ डिसेंबर

इंदू आली. वास आधी आला — शिकेकाई, मग ती. कुंपणापाशी आली.

मी हाक मारली. तिचं नाव घेऊन, स्पष्ट. तिला हसू आलं. मामाला म्हणाली, हे केवढं ओरडतंय हो, आईपासून तोडलंय का याला.

काट्यांतून हात घातला. माझ्या कपाळावर ठेवला. इतकी वर्षं — तोच हात — आणि तिला कळलं नाही.

कळेल. उद्या कळेल. साहेब म्हणोत काही. मी अजून हरलो नाही.

२४ डिसेंबर

साहेब छगनला सांगत होते. भाची आलीय, रविवार आहे, रस्सा झाला पाहिजे. केंद्राची मेंढरं दप्तरी लागलेली, त्यांना हात लावता येत नाही. ते वाढीव आहे ना — तेच घे.

छगन आलाय. दोरी आहे. बाकीच्या बाजूला झाल्या, सगळ्या, माना फिरवून. एकटी भुरी आडवी उभी. तिला ढकललं त्यानं.

मी मान खाली घालणार नाही. ओढू दे. दोन पायांवर उभा राहीन, उभ्यानंच —

इंदू दारात आलीय. थांबली. हसत नाही आता. माझ्या डोळ्यांत बघतेय, तशीच, फाटकात बघत होती तशी —

ओठ हलले तिचे.

म्हण, इंदू, माझं नाव. तू म्हटलंस की झालं. नुसतं एकदा —