मोहोर बागेत, मी गडावर

मु. पो. पावस,
२४ जानेवारी २००२

तीर्थरूप आक्का,

दत्तूचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द शोभेचा नाही. गडावरून आल्यापासून मला सरळ उभं राहता येत नाही, त्यामुळे दिसेल त्याला नमस्कार आपोआप घडतो आहे.)

मुरुडला सगळी खुशाल असाल. तुझी कंबर कशी आहे? मेहुण्यांचा खोकला गेला का? तुमच्याकडे मळभ आहे का? (हे शेवटचं आधी कळव.)

तू फोनवर विचारलंस, की हे डोंगराचं खूळ या वयात कुठून आलं. खूळ माझं नाही गं. डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, यंत्राकडे दोनदा पाहिलं आणि चार दिवस बागेकडे फिरकायचं नाही असं फर्मान काढलं. त्याच संध्याकाळी तुझ्या भावजयीने, लीलाने, रत्नागिरीच्या एका डोंगर चढणाऱ्या मंडळाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. तो भरलेला होता, फक्त सही बाकी होती. महिपतगड, सुमारगड, रसाळगड, खेडच्या अंगाचे तीन गड आणि चार दिवस. ऐन जानेवारीत! आंब्याची कलमं मोहोराने भरलेली आणि मालक पाठीवर पिशवी बांधून डोंगरावर. जानेवारीत मळभ धरलं की मोहोरावर तुडतुडे बसतात, आणि वेळेवर औषध फवारलं नाही तर चार दिवसांत सगळा मोहोर काळा, हे तुला मी सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी मी 'आज फवारू की उद्या' करत पाच दिवस घालवले आणि अख्खी बाग हातची गेली. लीलाने तेव्हा रिकाम्या पेट्या मोजून माळ्यावर ठेवल्या. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला आभाळाकडे सरळ नजरेने बघता येत नाही.

आमच्या चौदा जणांची पुढारी समीक्षा नावाची मुलगी, शाळेत भूगोल शिकवते. पहिल्या दिवशी महिपतगडाच्या वाटेवर अकराच्या सुमाराला आभाळ भरून आलं. सगळे 'काय छान गारवा' म्हणत टोप्या काढून उभे राहिले. मला मात्र दरदरून घाम फुटला. देवळाजवळ बाबल्या नावाचा गुराखी भेटला, तो दुसऱ्या दिवशी खेडच्या बाजाराला जाणार होता. त्याला घरचा नंबर लिहून दिला आणि निरोप सांगितला, 'मळभ आलंय, दोनशेच्या दोनशे कलमं फवार.' "तुमी बिनघोर जावा, फोन क्येलाच म्हनून समजा," असं तो म्हणाला. (बिनघोर हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडून स्वतःबद्दल ऐकला.)

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! आता काय करायचं? उघडीप असताना फुललेल्या मोहोरावर औषध मारलं तर मधमाश्या जातात आणि फळ धरत नाही. म्हणजे माझ्याच निरोपाने माझी बाग बुडणार. मला जेवण जाईना. वाटेतल्या वाडीत येसूबाई म्हणून एक म्हातारी लेकीकडे खेडला निघाली होती, तिच्या हाती दुसरा निरोप दिला, 'थांब, फवारू नकोस.' त्याच दुपारी सुमारगडाचा अवघड कातळ आला. खाली दरी, पाय ठेवायला जेमतेम जागा, भलेभले तिथे बसून घेत होते. मी मात्र नैऋत्येला एक ढग सरकतो आहे तो आपल्या पावसकडे जातो की कसं, हे बघत बघत कातळ कधी ओलांडला ते मला समजलं नाही. पलीकडे टाळ्या वाजल्या तेव्हा खाली पाहिलं, आणि मग जो खाली बसलो तो दोघांनी धरून नेईपर्यंत उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी रसाळगडावर चक्क पावसाचा शिडकावा झाला. बाकीचे नाचले. मी देवीच्या देवळात बसून घेतलं. आमच्यातल्या अनिशचा पाय मुरगळला होता, त्याला खालून जीपने रत्नागिरीला पाठवणार होते. (देवाशपथ सांगतो, मला त्याच्या पायाचा हेवा वाटला.) त्याच्याकडे तिसरा निरोप दिला, 'काल थांबवलेलं आज सुरू कर.' जीप गेली आणि माझ्या लक्षात आलं, की हे तीन निरोप लीलाला कुठल्या क्रमाने मिळतील ते कोणी सांगावं? 'थांब' जर सगळ्यात शेवटी पोचला तर? आक्का, मी त्या पायरीवर बसून खरंच रडकुंडीला आलो. वर समीक्षाने शेवटच्या दिवशी मला 'सच्चा निसर्गप्रेमी' असं प्रमाणपत्र दिलं, कारण चार दिवसांत सर्वांत जास्त वेळ आभाळाकडे मी पाहिलं होतं.

घरी आलो तेव्हा लीला तुळशीपाशी उभी होती. मी पिशवीसुद्धा उतरवली नाही. म्हणाली, "फवारणी झाली." विचारलं, निरोप आले का? "आले, तिन्ही." मग ऐकलास कुठला? "तुमचाच." आक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाग जाऊन पाहिली, मोहोर पिवळाधमक आहे, खाली जरा बारीक फळांची कणीही धरली आहे. चाळीस कोसांवरून, दुसऱ्यांच्या तोंडून का होईना, या खेपेला मी वेळेवर निर्णय घेतला. तीन वर्षांचं ओझं उतरलं बघ.

मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
दत्तू

ता. क. : लीलाने आणखी एक फॉर्म आणला आहे. येत्या दोन तारखेपासून आठ दिवस. पत्राचं खरं कारण हेच. तू एक तारखेला जरा आजारी पड. कंबर आहेच, तीच थोडी वाढव. 'दत्तूला पाठवा' एवढा फोन कर, मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येईन.

ता. क. २ : उत्तर कार्डावर पाठवू नकोस. लीला वाचते.

वन्संना लीलाचा नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, पाकीट डकवलेलं नव्हतं. फवारणी, हे एस.टी.त बसले त्याच संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, गडी रामाने आणि मी उरकली. निरोप आले ते तिसऱ्या दिवशी, एका तासात तिन्ही, आणि उलटे. इकडे पावसला चारही दिवस ढगाचा ठिपका नव्हता. ह्यांना यातलं काही बोलू नका. परत आल्यापासून शांत झोपतात, तीन वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही आजारी मात्र जरूर पडा, आणि चांगले आठ दिवस पडा. तुमच्याकडे राहिले काय आणि डोंगरावर गेले काय, मला सारखंच. पुढची फवारणी मी दोन तारखेला धरली आहे.