ताठ हात

भोर, १२ मार्च १९९८

झुल्फिकारभाई, सलाम.

ईदच्या जेवणात सगळ्यांसमोर तुमी म्हणालात, "जमीलाचं बीपी खाऊन खाऊन वाढलंय. आता बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडणं बंद." म्या मान खाली घातली. आता घालणार न्हाई.

काल पुण्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. सुईतून इन्सुलिन सोडून माझ्या हातातलं रक्त किती जोरात वाहतंय ते मोजलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इन्सुलिन साखर जिरवतं, तसं रक्तवाहिन्यांनाही सैल करतं. वजन आणि बीपी वाढलेल्या अंगात रक्तवाहिन्या इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत, ताठ राहतात. नुसत्या खाण्याला दोष देऊ नका."

मला लगेच समजलं. वीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरतेय. "हात सैल सोड" म्हटलं तरी काहींचा हात ताठच राहतो. म्हणून मी कुणावर ओरडत न्हाई. हात चोळत, दाबत बसते, मग बांगडी चढते. तसंच आता माझ्या अंगाला चुचकारत गोळ्या घेणार, रोज चालणार, भात कमी करणार. पण घरात बसणार न्हाई. सोमवारी पेटी घेऊन मार्गासनीला जाणार.

हे पत्र पेटीच्या तळाशीच राहील. तुमी वाचलंत, तर राग भाभीवर काढाल. भाभीचा हात लई मऊ आहे, बांगडी आपोआप चढते. फक्त तुमी खोलीत आलात, की तो ताठ होतो.

तुमची जाडी बहीण,
जमीला