तिसरा ॲम्प

मंगळवार, ४ नोव्हेंबर

फसले! चक्क फसले. नवे हेडफोन आले, डोक्यावर चढवले, ऑडिओबुक वाचणाऱ्या बाईंचं चौदावं प्रकरण लावलं — आणि बाई जणू शेजारच्या घरात, उशीत तोंड खुपसून वाचताहेत. आवाज पार शेवटापर्यंत नेला. तेच! इतकी वर्षं मन मारून घेतलेली वस्तू, आणि चिकटपट्टी लावलेले जुने हेडफोन तिच्यापेक्षा बरे?

नवरा म्हणाला, "परत करून टाक." याला जगातलं सगळं परत करता येतं असं वाटतं.

एकवीस प्रकरणं साफ करून महिनाअखेरीला द्यायची आहेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दुकानात गेले. मालकाच्या गळ्यात बारा महिने मफलर. मी मनातल्या मनात त्याला मफलरच म्हणते. त्याने माझे हेडफोन असे उचलले, जसं तान्हं बाळ घेतात.

"ठणठणीत आहेत हो ताई. प्लॅनर आहेत हे. आत हा एवढा मोठा पातळ पडदा, दोन्हीकडून चुंबकं. तो अख्खा पडदा हलवायचा तर करंट लागतो, तोही पोटभर. तुमचा कॉम्प्युटर यांना उपाशी ठेवतोय."

"मग?"

"ॲम्प्लिफायर लावा. पण कुठलाही नाही. जोडी जमली पाहिजे."

स्थळं दाखवणाऱ्या मावशीसारखा चेहरा केला त्याने! दोन ॲम्प दिले घरी न्यायला. "आठ दिवस ऐका. नाही जमलं तर तिसरा आहे, तो अजून यायचाय."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिला ॲम्प — ट्यूबवाला. काचेच्या दोन नळ्या, आत नारिंगी तार. दिसायला सुरेख. बाईंचा आवाज मऊ, उबदार. ऐकतच राहावं असा. तिथेच घात झाला! 'शेवट'च्या जागी बाई 'सेवट' म्हणाल्या तेही मला गोडच लागलं. फाईल तशीच गेली.

ऑफिसातून फोन. "अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बरं आहे ना सगळं?"

आवाज काळजीचा होता, पण मला कळतं. दुसऱ्यांचे खोकले, ओठांची मचमच, खुर्चीची करकर कापून पोट भरणारी बाई मी. कान गेला की काय उरलं?

सोमवार, १० नोव्हेंबर

दुसरा ॲम्प. ताकद राक्षसाची. नॉब जेमतेम हलवला तर बाई कानात ओरडल्या! आणि मागे सतत सूंऽऽ, पाणी तापत ठेवल्यासारखं. मफलरला फोन केला. म्हणाला, "याची ताकद तुमच्या कामाला जरा जास्तच. त्याचा स्वतःचा आवाज मध्ये येतोय."

पण एक आहे. हेडफोन जागे झाले. बाई समोर येऊन बसल्या. त्यांचं पान संपल्यावरचं थांबणंसुद्धा ऐकू आलं.

आणि त्या थांबण्यात काहीतरी आहे. बारीक. सुईच्या नेढ्यातून वारा जावा तसं. शिट्टी.

ॲम्पचीच असणार.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ॲम्पची नाही. बाईंची फाईल बंद करून नुसती शांतता ऐकली — सूं आहे, शिट्टी नाही. दुसऱ्या एका वाचकाची फाईल लावली — नाही. बाईंची लावली — आहे. वायर बदलली. आहे. डावं-उजवं उलटं करून घातलं. आहे!

याला ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं बिचाऱ्याने. "मला फक्त सूं येतंय. आणि भूक लागलीय."

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाईंनी पाठवलेल्या मूळ फायली काढल्या, मी साफ करण्याआधीच्या. पहिल्या प्रकरणात शिट्टी जवळजवळ नाही. सहाव्यात आहे. दहाव्यात कान न देताही कळते. चौदाव्यात — नको.

मधले चार महिने. आणि मी काय करत होते? दोन वाक्यांमधली जागा कापायची, तिथे कोरी शांतता चिकटवायची. एक बटण. जुन्या हेडफोनात ऐकूच येत नव्हतं, आणि येणार होतं तेही मीच पुसत होते. बाईंचं दुखणं मी झाडून केरात टाकलं!

आईच्या छातीत अशीच शिट्टी वाजायची. "सर्दी आहे गं," म्हणायची. मीही म्हणायचे, सर्दी आहे. दोन वर्षं, ती जाईपर्यंत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

फोन करायचा होता. केला नाही. काय सांगू? "बाई, नवे हेडफोन घेतलेत, त्यात तुम्ही आजारी ऐकू येता"? ॲम्पची सूं मध्ये आहे. माझा भ्रम असला तर? सत्तरीच्या बाईला घाबरवून सोडायचं?

भांडी घासताना पेला फुटला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

केला. सरांनी उचलला. सर म्हणजे बाईंचे यजमान, चित्रकलेचे मास्तर होते. नेहमीसारखे हसले. "बोला, कातरबाई! आज आमच्या हिचं काय कापलंत?"

बाई फोनवर आल्या तेव्हा सगळं भडाभडा बोलून टाकलं. म्हणाल्या, "अगं, मी रोज चार जिने चढते."

"तरी एकदा दाखवून या. माझ्यासाठी."

"बरं. पण तू बरोबर यायचंस. भीती तू घातलीस ना?"

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेलो दवाखान्यात. बाई इस्त्रीची साडी नेसून, जणू बक्षीस समारंभ आहे. सर वर आले नाहीत. "तुम्ही व्हा पुढे, मी इथे पेपर वाचतो," म्हणून खालच्या बाकावर बसले.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली, नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बाईंना काहीही नाही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांची छाती माझ्यापेक्षा चांगली आहे."

सुटले. आणि लाजेने मेले.

संध्याकाळी सरांचा फोन. हसू नव्हतं. "तीन रात्री ती झोपली नाही. तुमच्या मशीनला आधी डॉक्टरकडे न्या." बोलता बोलता थांबले, पुढचं बोलले नाहीत, ठेवून दिला. एवढा राग आला त्यांना! कधी आवाज चढवला नव्हता माझ्यावर.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दोन्ही ॲम्प मफलरला परत देऊन आले. हेडफोनही विकायचे म्हटलं. त्याने चहा मागवला. मग कपाटातून एक काळी पेटी काढली. पुस्तकाएवढी. ना दिवे, ना काचा.

"कालच आला हा तिसरा. करंट भरपूर, पण स्वतः तोंड उघडत नाही. इथे बसून ऐका. नाही पटलं तर मी स्वतः तुमचे हेडफोन विकून देतो."

ऐकायला काही लावलंच नाही त्याने आधी. नॉब अर्ध्यावर. काहीच नाही! सूं नाही, काही नाही. इतकं काहीच नाही की माझ्या गिळण्याचा आवाज मला आला.

घेऊन आले. पण बाईंची फाईल लावायची हिंमत होत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

लावावीच लागली, सतरावं प्रकरण आलं. बाईंनी फाईलसोबत लिहिलं होतं — "ठणठणीत वाचकाकडून." वाचून हसू आलं, रडूही.

हेडफोन आणि ही पेटी — जमली जोडी. खरंच जमली. बाईंच्या जिभेची टाळ्याला लागलेली टिचकीसुद्धा वेगळी, तिच्यामागे भिंतीवरून येणारा घुमारा वेगळा.

आणि शिट्टी आहे.

उठले. गॅलरीत जाऊन आले. कपडे काढले दोरीवरचे, ओलेच होते. परत वाळत घातले. पुन्हा बसले.

आहे. आणि आता ती नुसती थांबण्यात नाही. शब्दांखाली आहे! बाई सलग वाचताहेत, नदीचं लांबलचक वर्णन, मध्ये श्वासाला जागाच नाही — आणि खालून शिट्टी जाते. येते. जाते. हे कसं? बोलताना माणूस श्वास आत घेत नाही. बाई श्वास घेतात तो वाक्य संपल्यावर, नाकाने, स्वच्छ. तोही ऐकू येतो, वेगळा. शिट्टी मात्र स्वल्पविरामासाठीही थांबत नाही. तिची चाल निराळी.

कागद घेऊन बसले. बाईंच्या श्वासाला उभी रेघ, शिट्टीला आडवी. दोन पानं भरली. रेघा एकमेकींशी जुळत नाहीत. एकदाही नाही.

कुत्रं असेल? पंखा? पंखा इतका थकत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी आठलाच बाईंना फोन केला. विचारलं, वाचताना खोलीत तुमच्याबरोबर कोण असतं?

"कुणी नाही गं. हे असतात तेवढे, मांडीला मांडी लावून. पानं उलटायला."

रिक्षा बोलावलीय. या वेळी सरांना दवाखान्याच्या बाकावर बसू देणार नाही.