टिप्याचा बिल्ला

भोर, २४ ऑगस्ट १९४२
दादाला पकडून आज पाचवा दिवस. सारोळ्याच्या पुलाजवळ, पत्रकं वाटताना. टिप्या बरोबर होता. एकटाच परत आला, लंगडत. तेव्हापासून दारात बसून. भाकरी हुंगतो नि सोडतो. दादाच्या ताटातली सवय.

२७ ऑगस्ट
दवंडी पिटली. सात तारखेपासून गळ्यात बिल्ला नसलेली कुत्री मारणार. विषाचे गोळे घालून. टिप्याच्या बिल्ल्याची मुदत संपलेली. दरवर्षी दादाच काढायचा.

२८ ऑगस्ट
म्युनिसिपल कमिटीच्या कचेरीत गेले. अर्जात मालक म्हणून दादाचं नाव लिहिलं. कारकुनाने विचारलं, "हे कुठे असतात?" म्हटलं, तुरुंगात. त्याने टाक खाली ठेवला.
"ताई, तुमचंच नाव घाला. कोण बघतंय?"
कुत्रा भावाचा आहे, खोटं लिहिणार नाही, म्हटलं. अर्ज तसाच दिला. घरी येताना ताठ मानेने चालत होते.

२९ ऑगस्ट
नामंजूर. मालक हजर नाही. पुन्हा धावत गेले, माझं नाव घाला म्हटलं.
"आता मालकाची लेखी परवानगी लागेल. नाहीतर कुत्र्याचा अंगठा आणा." सगळी कचेरी हसली.
आप्पा राजदरबारच्या नोकरीत. त्यांनी एक शब्द टाकला असता तर... म्हणाले, "मुलगा आत. आता कुत्र्यासाठी कुणापुढे उभा राहू? मलाही घरी बसवतील."
आई एवढंच बोलली, "विमल, बी. ए. झालीस, एक नाव लिहिता आलं नाही?"
दादाला तुरुंगाच्या पत्त्यावर पत्र टाकलं.

३ सप्टेंबर
टिप्याला न्हाणीत बांधलंय. घसा बसेपर्यंत ओरडतो. दूधवाल्या कोंडाबाईला म्हटलं, तुझ्या गावी पालीला ने. तिने दोरी धरून पाहिली.
"न्हाई वो ताई, दात दावतंय. लई मानी हाय, तुमच्यावानीच."

८ सप्टेंबर
कालपासून माणसं फिरताहेत. शाळेच्या वाटेवर दोन पडलेली, तोंडाला फेस. माझ्या वर्गातल्या मुलींना सत्यावर निबंध घातला होता. वह्या उघडवल्या नाहीत.

९ सप्टेंबर
दादाचं पत्र आलं. वरच्या चार ओळींवर शाई फासलेली. खाली: टिप्या आजपासून विमलचा. सही.
न्हाणीत गेले. दोरी कुरतडलेली, कुत्रा नाही.
तेवढ्यात कोंडाबाई आली. कापूरहोळच्या रस्त्याला एक तांबडं कुत्रं पडलंय म्हणाली. "म्या लांबूनच बघितलं. हलत व्हतं."
तांबडी कुत्री पुष्कळ असतात.
आप्पा कचेरीला निघाले होते. उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "ते पत्र घे बरोबर, कुणी अडवलं तर दाखवू. मी येतो."
आई तूप पातळ करते आहे. विषावर पाजतात म्हणे. निम्मं तरी पोटात गेलं तर
आप्पा हाक मारताहेत.